वन्संच्या मधाची परीक्षा

सासूबाईंच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा, आणि तो भरून यायची वाट बघत बसावं लागायचं. त्या म्हणायच्या, मोजे घट्ट आहेत. मोजे माझ्या नवऱ्याचे होते. त्यात अशा दोन सासूबाई मावल्या असत्या. तेव्हा मोज्यांवरचा संशय मी पहिल्याच दिवशी उचलला आणि गेले काही आठवडे तो जिथं मुक्कामाला होता तिथंच परत नेऊन ठेवला. वन्संवर.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. शहर संपतं तिथं, फळबागांच्या कडेला, त्यांच्या मधमाश्यांच्या चौदा पेट्या आहेत. मध, पराग, मेण, आणि माश्या पोळ्यातल्या फटी बुजवायला जो चिकट डिंक जमवतात तो, असं सगळं त्या काढतात. त्यातलं निम्मं माझ्या दुकानात येतं. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. भिंतभर खणांचं कपाट आणि खणाखणांत मुळ्या, साली, पानं, बिया. मला हे कुणी शिकवलेलं नाही. जुनी पुस्तकं वाचली, चुका केल्या, त्यातल्या बऱ्याचशा स्वतःवरच केल्या, आणि पंधरा वर्षांत गल्लीला माझा भरवसा वाटायला लागला.

माझं नाव चालतं ते एका बाटलीवर. थकल्या-भागल्या माणसांसाठीचं चाटण. अश्वगंधा, शतावरी, सुंठ, पराग, आणि हे सगळं कालवायला वन्संचा मध. अश्वगंधा कडवट असते, म्हणून तिच्या जोडीला ज्येष्ठमधाची पूड. किती? कडवटपणा मोडेपर्यंत. पूड घालायची, बोट बुडवायचं, चाखायचं, पुन्हा घालायची. दुकानात तराजू आहे, पण तो गिऱ्हाइकांना सुटी औषधं द्यायला. स्वयंपाक कुणी तोलून करतं का, असं मी लोकांना विचारायचे, आणि विचारताना मला आपण फार हुशार वाटायचो.

घरातल्या सगळ्यांना तापसर्दी होऊन गेली, त्यानंतर वन्संच्या मधाची नवी खेप आली. मी बोट बुडवलं. रंग तोच, धार तीच, पण गोडी कुठाय? जणू कुणी मधाला समजावून सांगितलं होतं की जरा बेतानं. मी नवऱ्याला चाखायला दिला. तो छान म्हणाला. माझ्या नवऱ्याला चहात मीठ घालून दिलं तरी तो छान म्हणतो, त्यामुळे त्याची साक्ष मी कधी धरतच नाही. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. त्याचा सगळा विश्वास डोळ्यांवर.

पाल चुकचुकली ती तिथं. चाटणात मी ज्येष्ठमध थोडं वाढवलं आणि गप्प बसले.

खरं म्हणजे त्या दिवसांत सगळं जगच बिघडलं होतं. वाण्याची साखर पूर्वीसारखी राहिली नव्हती. बेकरीवाल्याने बिस्किटांत हात आखडता घेतला होता. केळी नुसतीच पिवळी होती. पण वाणी आणि बेकरीवाला परके. परक्याने फसवलं तर आपण दुकान बदलतो. घरच्याने फसवलं तर आपण पुरावा शोधायला लागतो.

मी परीक्षा घेतल्या. मधाचा थेंब पाण्यात सोडला. तो न विरघळता सरळ तळाशी जाऊन बसला. काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढली, ती पेटली. टिपकागदावर थेंब ठेवला. कागदाने त्याला शोषलं नाही. सगळ्या परीक्षांत मध पहिल्या वर्गात पास. याचा अर्थ मी असा काढला की भेसळ करणारी बाई हुशार आहे.

मग एक दिवस न सांगता वन्संकडे गेले. त्या पेट्यांपाशी होत्या, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर जाळी, हातात धुराचा डबा. जाळीआडच्या माणसावर संशय घेणं फार सोपं असतं. अचानक कशी आलीस, त्यांनी विचारलं. सहज, मी म्हटलं. दोन बस बदलून सहज कुणी येत नाही, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. त्यांच्या पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत साखरेची दोन पोती होती. मी बघतेय हे वन्संनी बघितलं आणि लगबगीने जाऊन दार ओढून घेतलं.

झालं. मला आणखी काय हवं होतं?

मी कुणाला काही बोलले नाही. समोरची शिंपीण वन्संचा मध मागायला आली तेव्हा एवढंच म्हटलं, घ्यायचा तर घ्या, बघा बाई. शिंपीण बघा म्हटल्यावर बघते आणि बघितल्यावर सांगते. आठ दिवसांत गल्लीत वन्संचा मध कुणी मागेना. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बरोबर ठरल्याचं एक सुख असतं, ते त्या वाईटाच्या वर तरंगत होतं.

आणि मग सासूबाईंच्या घोट्यावर तो खळगा पडायला लागला. त्या रोज सकाळ-संध्याकाळ माझं चाटण घ्यायच्या. आता मला नुसत्या साखरेचा संशय उरला नाही. पुसट झालेली गोडी, त्यात हे पाय. काय मिसळत असतील? ताकदीच्या गोळ्या कुटून? स्वतःच्या आईच्या पोटात जाणार हे माहीत असून? मी वन्संचा मध बंद केला आणि बाजारातून सीलबंद बाटली आणली. तो मध तर आणखीच पातळ लागला. मी ज्येष्ठमध वाढवलं. सूज गुडघ्याकडे चढली. मी मनाशी म्हटलं, आधीचं विष अंगातून निघायला वेळ लागणारच.

एका सकाळी सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि पायांनी त्यांना धरलंच नाही. त्या हळूच खाली बसल्या, एखादी घडी घालावी तशा, आणि म्हणाल्या, "बाई गं, पाय माझे नाहीत हे."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, मग पुन्हा मोजला, मग यंत्र बदलून मोजला. रक्त तपासलं. त्यातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं. असंच राहिलं तर हृदयाचे ठोके चुकायला लागतात, त्या म्हणाल्या. त्यांनी सलाइन लावलं आणि मला विचारलं, आई काय काय घेतात. मी चाटणाची बाटली बरोबरच नेली होती, पुरावा म्हणून. मधात काहीतरी आहे, असं मी सांगायला लागले, पण बाई बाटलीवरची माझ्या हातची चिठ्ठी वाचत होत्या. त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं.

"ज्येष्ठमध किती घालता?"

"चवीपुरतं."

"चवीपुरतं म्हणजे किती?"

पंधरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ज्येष्ठमध जास्त झालं की अंगात पाणी साठतं, दाब चढतो, पोटॅशियम उतरतं, स्नायू लुळे पडतात, बाई सांगत होत्या. मलाही ते माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, पेन्सिलीने खूणसुद्धा केली होती. पण ते जास्त घालणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. मी तर चाखून घालत होते.

सासूबाई उशीवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, हल्ली चाटण इतकं गोड व्हायला लागलंय की दात शिवशिवतात आणि नंतर तासभर पाणी प्यावं लागतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? त्यांनी आधी सलाइनच्या थेंबांकडे बघितलं.

"तू माझ्या लेकीचा मध बंद केलास, मला कळलं नाही होय? मी चाटण नको म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, सासू लेकीची बाजू घेते. म्हणून मी दोन चमचे जास्तच खात होते."

मी घरी आले आणि ज्येष्ठमधाचा खण ओढला. तो सर्रकन हातात आला, हलका. एरवी जो खण वर्षभर पुरतो त्यात मूठभर पूड उरली होती. तरीही, सांगायला लाज वाटते, माझ्या मनात आधी आलं की कुणी नेलं असेल?

नवरा दुकानातून आला होता. मी त्याला म्हटलं, मला तपास. त्याने काही विचारलं नाही. माझा चेहरा बघून माणसाला कळतं केव्हा विचारू नये. त्याने माझ्याकडे पाठ करून पाण्याचे तीन कप भरले आणि एकेक पुढे करत गेला, दुकानात भिंगं बदलताना विचारतो त्याच शांत आवाजात. पहिला गोड की दुसरा? दुसरा की तिसरा? घाई नाही, पुन्हा घे. मी पुन्हा घेतला. तिन्हींत पाणीच होतं. चौथ्या खेपेला मी अंदाजाने म्हटलं, तिसऱ्यात थोडी साखर असावी.

मग त्याने सांगितलं की पहिलं साधं पाणी, दुसऱ्यात दोन चमचे साखर आणि तिसऱ्यात पाच. नंबर बराच उतरलाय, तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तापाने माझी गोडाची चव नेली होती. कडू तेवढं शिल्लक ठेवलं होतं, म्हणून तर अश्वगंधेचा कडवटपणा काही केल्या मोडत नव्हता आणि मी पुडीवर पूड घालत होते. दोन महिने मी वाण्याला, बेकरीवाल्याला, केळ्यांना आणि नणंदेला तपासलं. बुडवत होते ते बोट माझं आणि चाखत होते ती मी, याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

दुपारी दवाखान्यात परत गेले तर वन्सं आईच्या उशाशी बसल्या होत्या, संत्रं सोलत. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले आणि सगळं सांगितलं. परीक्षा, पोती, शिंपीण, खण, तीन कप. मधेच थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. वन्संनी संत्र्याची एकेक फोड पांढऱ्या रेषा काढून आईला दिली. त्या पोत्यांचं एवढंच म्हणाल्या, की फुलं नसतात तेव्हा माश्यांना पाक पाजावा लागतो, आणि त्या दिवसांतला मध त्या काढत नाहीत. दार ओढलं ते माश्यांना साखरेचा वास लागू नये म्हणून.

"मला सगळं कळत होतं, वहिनी. आईला बघायला आले तेव्हा शिंपिणीने अर्धी बाटली परत आणून दिली. म्हणाली, गोड बंद केलंय. तोंडात केक होता तिच्या."

सासूबाई हसल्या, मग आम्ही दोघी हसतोय का ते बघायला थांबल्या. मी माफी मागायला लागले. वन्संनी ऐकून घेतली नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं असं मी म्हणणार नाही, तू आजारी होतीस. पण दोन महिन्यांत एकदा विचारायचंस मला. तोंडावर. मी तुला बरणी उघडून दाखवली असती." त्या उठून हात धुवायला गेल्या आणि पाण्याच्या आवाजातून म्हणाल्या, "बाटल्या किती गेल्यात बाहेर?"

"अकरा."

"मग इथं कशाला उभी आहेस?"

मी गेले. पहिलं दार शिंपिणीचं. ती मशीनवर होती, मांडीवर कुणाचं तरी अस्तर. मी म्हटलं, चाटणाची बाटली परत द्या, ते घेऊ नका, आणि वन्संच्या मधात काही खोट नाही, माझीच चूक झाली. शिंपिणीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि समजुतीने मान हलवली. घरचं माणूस आहे, ती म्हणाली, झाकावं लागतंच. माझ्या दिराचंही मी असंच झाकलं होतं.

मला वाटलं होतं की खरं सांगितलं की काम झालं. शिंपिणीला माझी कीव आली होती. मी आत्ता नुसती मान डोलवून बाटली घेतली असती तर माझं दुकान सुखरूप राहिलं असतं, आणि वन्संचा मध जन्मभरासाठी बदनाम. ती मला सोयीची जागा देत होती, अगदी प्रेमाने, सरकून.

मी खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, झाकत नाहीये. मला गोडाची चव कळत नाही. तापापासून. ज्येष्ठमध किती घातलं ते मलाच माहीत नाही, न तोलता घातलंय, आणि माझ्या सासूबाई त्यानेच दवाखान्यात आहेत. वन्संचा मध बंद केल्यावर सूज वाढली. तुम्हीही हे खाल्लंय, तेव्हा आज दवाखान्यात जाऊन दाब मोजून या, मी डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय.

शिंपिणीची मशीन थांबली. तिने पॅडलवरून पाय उचलला, चप्पल काढली आणि घोट्यावर बोट दाबून बघितलं. मग दुसऱ्या. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी त्या नजरेत कीव नव्हती. गेल्या वर्षीचं खोकल्याचं औषध, तिच्या सुनेला बाळंतपणात दिलेली पुडी, तिच्या नवऱ्याचा काढा, सगळं ती एकेक करून आठवताना मला दिसत होतं. तो हिशोब मला ओळखीचा होता. दोन महिने मी तसाच मांडला होता, वन्संच्या नावाने.

"ते खोकल्याचं तरी तोलून दिलं होतंस ना?" तिने विचारलं.

"ते तोललं होतं," मी म्हटलं. खरं होतं. पण तिचा विश्वास बसला नाही, आणि तिने का ठेवावा?

ती आतून बाटली घेऊन आली, पाऊण रिकामी, आणि माझ्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवली. माझ्या पाठीमागे तिने शेजारणीला हाक मारल्याचं ऐकू आलं. मी मागे वळले नाही. बाटली पिशवीत घातली आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली.