इमानपट्टीच्या पल्याड

भिंत कंबरेइतकी वर आली त्या दिवशी द्वारकाबाई आणि मच्छिंद्र यांचं कडाक्याचं भांडण झालं. सख्खी भावंडं. दोघांची साठी उलटलेली, आणि भांडत होती अशी की गवंड्यांच्या थाप्या हातातच राहिल्या.

द्वारकाबाई भिंतीच्या पल्याड, डोक्यावर फडक्यात बांधलेलं पातेलं. म्हैस व्याली होती. पहिल्या चिकाच्या वड्या भावाच्या घरी पोचल्याशिवाय तिच्या घरात कुणी तोंडात घालत नसे. मच्छिंद्र अल्याड, अंगात वॉचमनचा निळा शर्ट आणि हातात काठी.

"सर बाजूला, पाय टाकू दे," ती म्हणाली.

"आक्का, हिकडून बंद झालं आता. साहेबानं बजावलंय, कुनालाच सोडायचं न्हाई."

"मी कुनी हाय व्हय?"

"तसं न्हाई गं..."

"मंग कसं? बापाच्या वावरातून भावाच्या घरी चालले मी. तू कोन अडवनारा?"

"माही नोकरी हाय ती, आक्का."

"नोकरी! बहिनीच्या दारात भिंत घालून राह्यला अन् वर मला नोकरी सांगून राह्यला!"

तिनं पातेलं ओल्या सिमेंटवर ठेवलं, पदर खोचला आणि वळून चालायला लागली. चार पावलांवर थांबून ओरडली, "वड्या ठेवू नको उन्हात. नासतील. अन् केशरला म्हन पातेलं घासून ठिव."

केशरबाई म्हणजे मच्छिंद्राची बायको. ते पातेलं घासूनपुसून तिनं फळीवर ठेवलं खरं, पण ते माळेवाडीला पोचवायचं कुणी आणि कुठून, हाच प्रश्न होऊन बसला.

सावरखेडा आणि माळेवाडी या दोन गावांच्या मधे आधी नुसता माळ होता. माळाच्या कडेनं चारदोन वावरं, त्यातलं एक मच्छिंद्राच्या बापाचं. मच्छिंद्र रांगत होता तेव्हाच आई गेली. द्वारकानं त्याला कडेवर वाढवला. तिच्या लग्नाची वेळ आली तेव्हा लांबलांबची चांगली स्थळं सांगून आली होती. बापानं सगळी परतवून लावली आणि पोरगी माळेवाडीला, हाकेच्या अंतरावर दिली. पोराला आई राहावी म्हणून. सकाळी तिनं हाक मारली की मच्छिंद्र माळ तुडवत जायचा आणि भाकरी खाऊन शाळेत पळायचा.

मग दुष्काळ पडला. हाताला काम पाहिजे म्हणून सरकारनं माळावर मातीकाम काढलं. विमान उतरायची पट्टी होणार म्हणे. ज्यांच्या भाकरीचे वांधे त्यांनीच ती पट्टी केली. मच्छिंद्रानं खोदलं, द्वारकानं मुरमाच्या पाट्या वाहिल्या. बापाचं वावर पट्टीत गेलं. काठोकाठ पाण्याची विहीर होती, तीही याच भावंडांनी आपल्या हातानं बुजवली. बाप बांधावर बसून बघत राहिला. पुढच्या पावसाळ्याआधीच तो गेला.

पहिलं विमान उतरलं तेव्हा दोन्ही गावं लोटली होती. बायांनी नारळ फोडले. पुढाऱ्यांनी भाषण केलं की आता कारखाने येतील, घरटी एकाला नोकरी मिळेल, कुणाला झटका आला तर इथून उचलून तासाभरात मुंबईच्या दवाखान्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरटी नोकरीपैकी एक तेवढी मच्छिंद्राला मिळाली, राखणदाराची. विमान यायचं असलं की लाल झेंडा घेऊन धावायचं, गुरं हाकलायची, टिटव्या उठवायला सुतळी बॉम्ब लावायचे. पुढं डांबर पडलं. काही वर्षं विमान शिकवायची शाळा चालली. लहान पांढरी विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालायची आणि द्वारकाबाई खुरपं उंच करून त्यांना हात दाखवायची.

शाळा बंद पडली आणि पट्टी पुन्हा गावाची झाली. त्या डांबरावर लोकांनी मका वाळवली, सोयाबीन वाळवलं. पोलीस भरतीची पोरं पहाटे धावली. द्वारकाबाई भाकरीचं गठुडं घेऊन आडवी चालत यायची, मच्छिंद्राच्या चौकीत बसायची, निवांत बोलायची आणि दिवस कलला की आडवी चालत जायची.

आता नवा हुकूम आला होता. पट्टी लांबणार, खरी मोठी विमानं येणार. म्हणून ही भिंत. भिंतीला माळेवाडीच्या बाजूनं एक लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला हे मोठं कुलूप. किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडं, जालन्याला. माळेवाडीच्या लोकांनी ओढ्यावरच्या फरशीपुलावरून जावं, फाट्यावर जीप धरावी आणि वळसा घेऊन यावं.

द्वारकाबाईचे गुडघे धरलेले. वळसा तिला झेपेना. भांडण फोनवरच मिटलं. ती रोज फोन करायची.

"आलं का रं इमान?"

"न्हाई आक्का."

"मंग कुनाला कोंडून राह्यले हे?"

मच्छिंद्र विषय बदलायचा. तो विचारायचा, "गुडघा कसाय?"

भादव्यात पावसानं चार दिवस डोकं वर काढू दिलं नाही. ओढा फुगला आणि फरशीपूल पाण्याखाली गेला. पाचव्या दिवशी जरा उघडीप झाली. बाया माजलेलं तण काढायला कपाशीत शिरल्या. मच्छिंद्र सावरखेड्याच्या बाजूच्या मोठ्या फाटकावर उभा होता. फोन वाजला. द्वारकाबाईचा मुलगा भारत.

"मामा, आईला नाग चावला. पायाला. मी पाह्यला जाताना."

मच्छिंद्राच्या हातून काठी पडली. "निघ मंग! जल्दी निघ!"

"कुठून निघू मामा? पुलावरून पुरुषभर पानी चाललंय. ट्रॅक्टर घातला तर वाहून जाईल. मी फाटकाशी येतो. फाटक उघडा."

मच्छिंद्रानं ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "किल्ली माझ्याकडं आहे, पण मी जालन्यात. आणि आतून ट्रॅक्टर न्यायचा म्हणजे वर विचारावं लागेल. थांबा जरा, विचारून सांगतो."

"इचारा साहेब," मच्छिंद्र म्हणाला. हे म्हणत असतानाच त्यानं चौकीच्या कोपऱ्यातली पहार उचलली होती.

मग तो धावला. पट्टी लांबच लांब, काळी, पाण्यानं चकाकत होती. निळा शर्ट अंगाला चिकटला. धाप लागली, एक चप्पल तुटून मागं राहिली. आयुष्यभर या पट्टीवरून त्यानं गुरं हाकलली, कुत्री हाकलली. आज तोच ऊर फुटेस्तोवर पळत होता आणि वर एक विमान नव्हतं. फाटकापलीकडं ट्रॅक्टरची धडधड ऐकू येत होती. त्यानं कुलपात पहार घातली आणि अंगातला सगळा जीव लावून हिसका दिला. एक, दोन. कडी वाकली. पलीकडून भारतनं लाथा घातल्या आणि फाटक उघडलं.

ट्रॉलीत घोंगडीवर द्वारकाबाई पडली होती. मांडीला पटका आवळलेला. सून वंदना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मच्छिंद्र ट्रॉलीत चढला आणि त्यानं बहिणीचा हात धरला.

"कुलूप तोडलं का रं?" तिनं विचारलं. जीभ जड झाली होती.

"तोडलं."

"तुही नोकरी?"

"जाऊ दे तिला. तू बोलू नको आक्का. जालन्याला न्हेतो तुला. बिलकुल घाबरू नको."

भारतनं ट्रॅक्टर पट्टीवर घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्या डांबरावरून द्वारकाबाई बसून चालली होती. गुळगुळीत रस्ता, एक खड्डा नाही. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला.

"हीर कुठं आली रं आपली?"

मच्छिंद्रानं बाहेर पाहिलं. पांढऱ्या रंगाचे पट्टे मागं पळत होते. सगळीकडं सारखंच काळं. तरी त्याला ठाऊक होतं. "ही, ही बघ. आत्ता आपन हिरीवरून चाललोय."

"लई गोड पानी व्हतं," ती म्हणाली. निदान तसं त्याला ऐकू आलं. मग पापण्या खाली आल्या. तिला त्या उचलता येईनात. वंदना हाका मारायला लागली, "आत्या, आवं आत्या, डोळे उघडा!" मच्छिंद्रानं बहिणीची बोटं दाबली. तिनं एकदा उलटी दाबली, आणि मग हात सैल पडला.

मोठ्या फाटकाशी सावरखेड्याचे सरपंच रामराव यांनी भारतच्या फोनवरून जीप आणून उभी केली होती. तिला उचलून जीपमधे घातली. हसनाबाद जवळ, म्हणून आधी तिकडंच नेली. दवाखान्याच्या दारात डॉक्टर धावत आले, तिथंच तपासलं, आत नेलं, छाती दाबली. बराच वेळ. बाहेर येऊन त्यांनी भारतच्या खांद्यावर हात ठेवला.

"थोडं आधी..." ते म्हणाले आणि पुढचं गिळून टाकलं.

मच्छिंद्राच्या खिशात तेव्हा फोन वाजला. ठेकेदाराचा माणूस होता. "विचारलंय मी. अजून वरून उत्तर नाही. थांबा जरा."

मच्छिंद्रानं फोन रामरावांच्या हातात दिला. रामराव फोनवर काय काय बोलले ते दवाखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्राला कामावर येऊ नका म्हणून निरोप आला. कुणीतरी पोलिसात जायचं म्हणत होतं, पण दोन्ही गावांचा रागरंग बघून ते तिथंच थंडावलं. केशरबाईनं निळा शर्ट धुवून, घडी घालून परत पाठवला. मच्छिंद्र ओसरीत बसून राहिला. जेवायला वाढलं की जेवायचा. हाक मारली की बघायचा. बस.

दहाव्याला ओढा उतरला होता. घाटावर पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. भारतनं सांगून पाहिलं, वंदनानं सांगून पाहिलं. अखेर मच्छिंद्र पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आक्का, मी जेवतो बराबर. केशरला इचार. काळजी करू नको." कावळा शिवला. मग मात्र त्याचा बांध फुटला. दहा दिवसांत पहिल्यांदा तो रडला, लहान पोरासारखा, आणि माळेवाडीच्या म्हाताऱ्या बायांनी त्याला रडू दिलं.

त्याच दिवशी पट्टीच्या कामावरचा तरुण इंजिनिअर सुयश घाटावर आला होता. शहरातला पोरगा. बूट लांब काढून, चिखलातून अनवाणी आला आणि मागं उभा राहिला. रामरावांनी त्याला बाजूला घेतलं.

"साहेब, भिंत पाडा म्हनून आमी म्हनत न्हाई. पन मानसाला जायला वाट ठिवा. आज द्वारकाबाई गेली, उद्या अजून कुनी."

"मी वर लिहितो," सुयश म्हणाला. मग त्यालाच ते शब्द टोचले असावेत. "नाही. मी स्वतः जाऊन उभा राहतो."

आणि तो खरंच उभा राहिला असणार. दिवाळी झाल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकेक लहान दार पडलं. शेजारी चौकी, चौकीत माणूस. विमान यायचं नसेल तेव्हा माणसांनी पायी जावं, आजारी असेल तर गाडी न्यावी. माळेवाडीत गूळ वाटला. सावरखेड्यातही वाटला. मच्छिंद्राच्या घरी कुणी आणून दिला नाही. कसं द्यावं कुणाला कळेना.

दार उघडल्यावर आठवडाभर तो तिकडं फिरकला नाही. मग एका सकाळी केशरबाई म्हणाली, "भारतची कपाशी येचायला मानसं न्हाईत म्हने. जाता का?"

तो उठला, टोपी घातली आणि दाराशी गेला. चौकीत जाफराबादकडचा नवा राखणदार होता, निळ्या शर्टातला. तो मच्छिंद्राला ओळखत नव्हता.

"काका, कुनाकडं निघाले?"

"बहिनीकडं," मच्छिंद्र म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि तो तसाच उभा राहिला. राखणदारानं कडी काढून दार ढकललं होतं.

"जा मंग. वाट बघत आसंल बिचारी."

मच्छिंद्रानं मान हलवली. वाकून तो दारातून आत शिरला आणि पट्टी आडवी ओलांडत माळेवाडीकडं चालू लागला.