स्नॅपशॉट ठेवतोस कुठे?

नवरा सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो आणि घरीही टेबलाखालच्या एकाच कॉम्प्युटरवर तीन सर्व्हर चालवतो. त्यातल्या एकावर आमच्या छकुलीचे जन्मापासूनचे सगळे फोटो आहेत.

"एकात तीन कसे रे मावतात?" मी विचारलं.

"एका घरात तीन बिऱ्हाडं समज. एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला झळ नाही."

"आणि घरच कोसळलं तर?"

"घाबरट कुठली! रोज स्नॅपशॉट घेतो मी, म्हणजे सगळ्याची त्या क्षणाची नक्कल. सगळं होतं तसं परत आणता येतं."

"तो ठेवतोस कुठे?"

"त्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर..." बोलता बोलता तो उठला आणि कपाटातून दुसरी डिस्क घेऊन आला.

कॉपी संपल्यावर मी म्हटलं, "आता यातला एक फोटो उघडून दाखव."

छकुलीचं बोळकं हसू स्क्रीनभर पसरलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.