बायाबाईच्या हातावरचं जाळं

चंद्रभागाबाई पन्नास वर्षं जत्रांमध्ये गोंदण करत आली होती. भंडाऱ्यात टॅटूचं प्रदर्शन भरल्याचं कळलं आणि तिच्या मनानं घेतलं, आपल्यालाही तिथे एक टेबल मिळालं पाहिजे. बायाबाईला सोबत घेऊन ती एसटीनं आली. बायाबाई तलावात मासे धरणारी. तिच्या हातावरचं जाळं चंद्रभागाबाईनंच गोंदलेलं.

आयोजक भूपेशनं दोघींना दारातच अडवलं. "मावशी, इथे आर्टिस्ट बसतात. जत्रेतलं काम चालत नाही."

"काहून? जत्रेतल्या माणसाचं कातडं येगळं असते का रे बाबू?"

एवढ्यात आतली भिंत दिसली. तिच्यावर बायाबाईच्या हातावरचंच जाळं रंगवलेलं, पुरुषभर उंचीचं! खाली लिहिलेलं, 'संकल्पना : भूपेश'. मागच्या वर्षी यानंच मासळीबाजारात तिच्या हाताचा फोटो काढला होता.

दोघी सरळ आत शिरल्या. मागोमाग आलेला भूपेश जमलेल्या मुलींना थाटात सांगू लागला, "इथली एक गाठ मुद्दाम सोडली आहे. आत्म्याला बाहेर पडायला वाट."

बायाबाईला हसू आवरेना. "कायचा आत्मा! नऊ वर्साची होती मी. सुई टोचली तशी पळाली, तं तलावापावतर. माय म्हणे, राहू दे तेवढी गाठ."

"अन् मी सोळाची," चंद्रभागाबाई म्हणाली. "मी गोंदलेला पयला हात तो."

मुली खो खो हसल्या. भूपेश ओशाळला. "बरं, तुमच्यासोबत एक फोटो काढू."

"फोटो झाले," चंद्रभागाबाई म्हणाली. "खाली माह्यं नाव लिव, अन् बसाले जागा दे."

"नावाचं बघू. पण जागा... लोक तिकीट काढून येतात, मावशी. तुम्ही बसलात तर कसं दिसेल?"

कसं दिसेल! गोंदलेल्या पोरींना बाह्या खाली ओढायला लावणाऱ्या मास्तरांनी हेच विचारलं होतं. हात पाहून लग्न मोडणाऱ्या पाहुण्यांनीही हेच.

चंद्रभागाबाई बाहेर आली आणि ऐन दारातल्या पायरीवर बसली. सुयांचं नवं पाकीट फोडलं. आतल्या मुलींपैकी कॉलेजातली उर्वशी मागोमाग येऊन समोर बसली.

"आजी, माझ्या हातावर काढा."

"दुखते बरं."

"दुखू द्या."

बघता बघता पायरी मुलींनी भरली. भूपेश धावत आला. "मावशी, दारात बसू नका. रस्ता अडतो."

चंद्रभागाबाईनं मानही वर केली नाही. "मंग आत टेबल लाव. नाही तं या पोरींले उठव. त्या उठल्या तं मीबी उठते."

एकही मुलगी हलली नाही.