परक्या पेनड्राइव्हला बंदी

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला परका पेनड्राइव्ह लावायचा नाही, हा नियम माझा. उरणमध्ये राहून हा नियम पाळणं म्हणजे लग्नघरात उपास करणं. हळदीच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह इथे गावभर फिरतो; डीजेकडून ट्रेलरच्या केबिनमध्ये, तिथून सगळ्या भावकीत. कुठला व्हायरस कुठून आला ते देवालाही सांगता येणार नाही. गेल्या वर्षी अशाच एका पेनड्राइव्हने माझ्या नवऱ्याच्या, विनेशच्या, ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या. एकही परत आली नाही.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये तर सासूबाईंचा आवाज आहे. सखुबाई, माझ्या सासूबाई, म्हणजे गावची धवलारीण; धवले म्हणजे लग्नविधींची गाणी. त्यांनी धवला म्हटल्याशिवाय लग्नातला एकही विधी पुढे सरकत नसे. घशाच्या ऑपरेशनआधी मी त्यांचे सगळे धवले मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये भरले. आता त्या जेमतेम कुजबुजतात. म्हणून अँटीव्हायरस विकतचा आणि पासवर्ड एकट्या मला ठाऊक.

चुलतसासरे दयारामकाका आले. त्यांच्या मुलीची, मृणालीची, हळद आठवड्यावर आलेली. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"वहिनीचे धवले दे भरून. मांडवान लावू."

"काका, हा नाही लावता येणार. व्हायरस असतो."

"माझे घरचा हाय तो, रस्त्यावरचा न्हाय! हलदीच्या घरचा मानूस रिकामा धाडतेस?"

चहा न घेताच गेले. मीही चिडले. यंत्राची काळजी घेतली की माणसाचा अपमान कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "मंग कोनासाठी ठेवलंस गो?" त्या कुजबुजल्या.

झोंबलं. चोरांच्या भीतीने दागिना पुरून ठेवायचा आणि लग्नाला गळा रिकामा, अशातली माझी गत.

संध्याकाळीच बाजारातून कोरे पेनड्राइव्ह आणले, धवले भरले आणि भावकीतल्या पाच घरांत वाटले. एकाकडचे गेले तरी बाकीच्यांकडे राहतील. काकांना म्हटलं, "कुठेही लावा. फक्त माझ्याकडे परत आणू नका."

"येरी हायस," असं मला वेडी ठरवत काका हसले. या वेळी चहा घेतला.

हळदीला मांडवात सासूबाईंचा आवाज लागला आणि माझे डोळे भरून आले. आठवडाभर पेनड्राइव्ह ऐकून ऐकून बायकांना धवले पाठ झालेले, त्याही आवाजात आवाज मिसळून म्हणू लागल्या. मध्येच सासूबाईंनी माझा हात दाबला.

"तिथं चुकले मी. पूस ते."

"आता कुठून पुसू, आई? पाच घरांत गेलंय."

सासूबाई गाणाऱ्या बायकांकडे बघू लागल्या. ती ओळ पुन्हा आली तेव्हा सगळ्या जणी अगदी तशीच चुकल्या, आणि सासूबाईंचेही ओठ त्यांच्याबरोबर हलले, चुकीसकट.