कोरं प्लास्टर

"काका, तिथून नको! तिथं आजोबांनी लिहिलंय!"

पोरीच्या हातावरचं प्लास्टर कापायचं यंत्र हवेतच थांबलं. दवाखान्यातल्या प्लास्टरकाकांनी अठ्ठावीस वर्षांत इतकी प्लास्टरं कापली होती, की ओळीनं मांडली असती तर चंद्रापर्यंत पोचून परतीच्या वाटेलाही पुरली असती. पोरांची सगळी गोंदलेली. नावं, चित्रं, एखादी शिवीसुद्धा. मोठ्यांची कोरी. मोठी माणसं "काही नाही हो, जरासंच" म्हणायची. पण ते 'जरासंच' असं कण्हत, की समोरच्यानं तीनदा विचारलंच पाहिजे.

तीन आठवड्यांपूर्वी काकांचंच डावं मनगट मोडलं. न्हाणीघरात, साबणावरून घसरून. हे काय सांगण्यासारखं आहे? त्यांनी झकास हकिगत रचून ठेवली: जिन्यावरून कोसळणाऱ्या म्हातारीला झेललं! कुणी विचारेना, तसतसं म्हातारीचं वजन रोज पाच किलोनं वाढू लागलं. प्लास्टर घातलं त्या डॉक्टरांनीही फोनवर बोलता बोलताच घातलं होतं. काकांनी शिवण उसवून बाही प्लास्टरवरून खाली ओढली, पण कडेला दोन बोटं प्लास्टर दिसेल अशी. शेजारी म्हणाले, "थंडी वाजते वाटतं?" सिस्टर म्हणाल्या, "काका, कापूस संपलाय."

आज या पोरीनं ती बाही सर्रकन वर केली.

"अय्या, कोरं! काका, तुम्हाला कुणीच नाही?"

"गप गं," तिची आई म्हणाली. "असं विचारतात का?"

विचारतात की! काकांच्या मनात आलं. म्हातारी कोसळायच्या तयारीत जिन्यावर उभीच होती. पण तोंडातून निघालं भलतंच. "अगं, घर भरलंय माणसांनी. मीच लिहू देत नाही."

"मी लिहू? फूल काढते."

तिनं आईच्या पर्समधलं पेन काढलंसुद्धा. काकांचा हात आपसूक पुढे झाला. मग बाकावरची माणसं बघताहेत हे ध्यानात आलं.

"नको, नको. आमच्या वयाला शोभत नाही ते."

आता आग्रह करेल, म्हणून काका थांबले. पण पोरगी ती. तिच्या लेखी नको म्हणजे नको. "बरं," म्हणत तिनं पेनाला टोपण लावलं.

काकांनी आजोबांच्या नावाला वळसा घालून प्लास्टर कापलं. ती गेल्यावर त्यांनी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी तिनं आपला पांढराफटक, काटकुळा हात रखवालदाराच्या नाकासमोर धरला होता.

"बघा! बघा ना!"

आणि तो, हातातला चहा खाली ठेवून, बघत होता.