बाटली एकच होती

हिंदुरावानं टायर खोलायची टॉमी फ्रीजच्या काचेत घातली आणि दुधाची बाटली बाहेर ओढली. मोशीच्या त्या अन्नतपासणी प्रयोगशाळेत भरदुपारी दोघंच होती: विश्लेषक विजयश्री आणि मदतनीस साहेबरावकाका. काकांची मानगूट धरून हिंदुरावाच्या माणसानं त्यांना ओट्यावर दाबलं होतं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं.

"ह्यीच का ती?"

"हीच," विजयश्री म्हणाली.

हिंदुरावाच्या डेअरीचं दूध पिऊन चाकणच्या एका पाळणाघरातली पोरं दवाखान्यात पडली होती. बाटलीत डिटर्जंट निघाला होता. युरिया तपासायचा राहिला होता. बाकीच्या पाळणाघरांत दूध अजून जातच होतं.

त्यानं बाटली फरशीवर आपटली. "दूधच न्हाई, तर आता भेसळ कशात काढनार, बाई?"

विजयश्रीला ठाऊक होतं: नमुना चार भागांत सील होतो. एक इथं येतो, बाकीचे पुण्याला अधिकाऱ्यांकडे राहतात. इथला फुटला तर दुसरा मागवता येतो. पण नमुना घेतला त्या दिवशी हिंदुराव भाच्याच्या हळदीत नाचत होता. सह्या ड्रायव्हरनं ठोकल्या, आणि मालकाच्या लाथांच्या भीतीनं तोंड शिवून बसला; बाकीच्या भागांचं हिंदुरावाला ठाऊकच नव्हतं.

"आनि कुठं ठिवलंय?"

"कुठंच नाही. एकच होती."

"शिकल्याली मानसं लई थापा मारत्यात." हिंदुरावानं खूण केली. माणसानं काकांचा उजवा हात ओट्यावर पसरून दाबला.

"ताई, काय असेल ते सांगून टाका हो!"

"काका, खरंच एकच होती."

टॉमी खाली आली. बोटं मोडल्याचा आवाज काकांच्या किंकाळीत बुडाला. पुण्याचं नाव निघालं की हीच टॉमी तिकडच्या कुणाच्या हातावर पडणार, आणि उद्या सकाळी पोरांचे पेले पुन्हा त्याच दुधानं भरणार.

टॉमी परत उचलली गेली.

"एकच!" ती किंचाळली. "जीव घ्या आमचा, तरी एकच!"

दुसरा घाव मनगटावर बसला. काका ओट्यावरून घसरून काचांत पडले.

हिंदुरावानं टॉमी खाली केली. मग हसला. "चला रं. आपल्या मानसाचा हात चेचताना कुनी खोटं बोलत न्हाई."

गाडी गेल्यावर तिनं ॲप्रन काकांच्या हाताला गुंडाळला, अँब्युलन्स बोलावली आणि लगेच पुण्याला फोन लावला. "आमचा भाग फोडला. दुसरा पाठवा, पोलिसांबरोबर. आणि त्याचं दूध आत्ताच्या आत्ता थांबवा!"

काकांनी मान वर केली. "दुसरी आहे?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग मला डोळ्यानं तरी खुणवायचं ना, ताई."

"खुणवलं असतं तर तुम्ही..."

"बोललो असतो." काका कण्हले. "हो, बोललोच असतो."

तिनं त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. काकांनी चेचलेला हात सोडवून छातीशी घेतला आणि दाराकडे तोंड फिरवलं.