कोहळ्याचा मान

धारच्या उदाजीरावांचं उजवं कोपर सरळ होईना, तेव्हा धाकटे भाऊ मानाजी त्यांना देवासला एका ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मानाजीच्या ओळखीचा म्हटल्यावरच उदाजीरावांच्या मनात पाल चुकचुकली.

डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला. "कभी हड्डी टूटी थी?"

उदाजीराव चमकले. कॉलेजात असताना ते स्कूटरवरून पडले होते. वडिलांच्या धाकाने गुपचूप हाडवैद्याकडून हात बसवून घेतला, आणि हे मानाजीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे याने आधीच सगळं सांगून ठेवलंय!

डॉक्टर म्हणाला, फोटोतच दिसतंय. मोडलेलं हाड वाकडं जुळलं, म्हणून सांध्यातली गादी झिजली, हाडाला टोकं फुटली. गोळ्या, शेक, कोपराला पट्टा, व्यायाम यांवर भागेल. नाहीच भागलं तर पुढे इंजेक्शन, ऑपरेशन. "और झटके का काम बिलकुल नहीं."

झटक्याचं काम घरात एकच होतं. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की थोरल्याने तलवारीच्या एका घावात कोहळा कापायचा. तो चुकला, तर मान कायमचा धाकट्याकडे. हा डाव न कळायला उदाजीराव काय कुकुलं बाळ होते? गोळ्या खिडकीबाहेर गेल्या, कोपराचा पट्टा माळ्यावर.

दसऱ्याला चार दिवस उरले आणि खुंटीवरची तलवार दिसेना. "मानाजीभावजी घेऊन गेले," पत्नी बकुळाबाई म्हणाल्या.

"बघा! सराव चाललाय त्याचा!"

दसऱ्याला मानाजी तलवार घेऊन आले. "दादासाहेब, जरा ऐका..." म्हणेपर्यंत उदाजीरावांनी ती हिसकून घेतली. "भिया, भाऊराया, अजून मी जिवंत आहे!" ते तडक कोहळ्यापुढे जाऊन उभे राहिले. दुखणारा हात जेमतेम खांद्यापर्यंत गेला आणि नुसता खाली आला. जोर असा लागलाच नाही. कोहळ्याची दोन शकलं झाली.

तेव्हा त्यांनी हातात बघितलं. पातं नव्यासारखं धारदार होतं. मूठ आवळावी लागू नये म्हणून तिच्यावर मऊ कापड गुंडाळून ती जाड केली होती. मानाजींच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या.

"डॉक्टरलाच विचारलं," मानाजी म्हणाले. "तो बोला, झटका नको. मग धारच लावली. चार दिवस लागले."

मन चिंती ते वैरी न चिंती. उदाजीरावांना भावाच्या नजरेला नजर देववेना. शरमेने कानशिलं तापली.

"मानाजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "गोळ्या मी फेकल्या रे. देवासला पुन्हा कधी जायचं?"